भिंतीवरचा शिपाई : जुन्या लष्करी छायाचित्रांची ओळख आणि त्यांचा काळ



आपल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत अशी पुष्कळ घरे आहेत, की ज्यांच्या ओटीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत एका शिपायाचे छायाचित्र टांगलेले असते. काच धुरकटलेली असते, चौकट एका कडेने वाळवीने खाल्लेली असते, आणि आत खाकी कपड्यातला एक तरुण छाती पुढे काढून उभा असतो. घरातील माणसांना विचारावे तर उत्तर येते, "ते आमचे पणजोबा. लढाईत होते." कोणती लढाई, कोणती पलटण, कोणते साल, असे पुढे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. चेहरा उरलेला असतो. माणूस मात्र हरवलेला असतो. हा हरवलेला माणूस त्याच छायाचित्राच्या आधाराने कितपत शोधून काढता येईल, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. कामगार संघटनेचे काम करतो. पावतीपुस्तक काखेत मारून घरोघर जाणे हा माझा नेम. ओटीवर बसल्यावर नजर भिंतीकडे जाते, आणि तेथूनच मला हा नाद लागला. मात्र हे काम मला फारसे परके वाटले नाही. कारखान्यात बिल्ल्याच्या आकड्यावरून आम्ही माणसाचे खाते ओळखतो, कपड्याच्या रंगावरून त्याचे काम ओळखतो. गणवेश म्हणजे तरी दुसरे काय? मालकाने नोकरास दिलेला तो कपडा आहे. त्याच्यावर मालकाची खूण असते, खात्याची खूण असते आणि दर्जाची खूण असते. सरकार हे सर्वांत मोठे मालक, एवढाच काय तो फरक.

आपल्या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून पुणे-खडकीच्या छावण्या आणि मुंबईची गोदी यांच्यामधली वाट कर्जतवरूनच जाते. घाट चढणाऱ्या गाडीस मागून इंजिने जोडावयाची म्हणून ती कर्जतला थांबते. त्यामुळे फौजेच्या गाड्या आपल्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिल्या, आणि त्यांतील काहीजण त्या गाड्यांत बसलेही.

आता मुद्द्याकडे येऊ. छायाचित्राचा काळ ठरविण्याचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की चित्रातील सर्वांत नवी वस्तू शोधावी. एखाद्या स्वयंपाकघराच्या चित्रात तांब्याचा हंडा आहे, दगडी पाटा आहे, पितळेचे डबे आहेत आणि कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची बादली आहे, तर ते चित्र बादलीच्या काळातले. हंड्याच्या काळातले नव्हे. हंडा शंभर वर्षे टिकतो. तो काळाच्या आरंभाविषयी काहीच सांगत नाही. बादली मात्र जन्मण्यापूर्वी चित्रात येऊ शकत नाही. लष्करी चित्रांतही हेच होते. जुना कपडा कोठारात शिल्लक असेपर्यंत नव्या रंगरुटास दिला जातो. पेन्शनीत निघालेला सुभेदार आपला जुना कोट लग्नकार्यात घालतो. म्हणून जुन्या वस्तूवर भिस्त ठेवू नये. नव्या वस्तूवरून "याच्या आधीचे नाही" अशी एक मर्यादा मिळते. दुसरी मर्यादा, म्हणजे "याच्या नंतरचे बहुधा नाही", ही अधिक सैल असते. या दोन मर्यादांच्या मध्ये जो काळ उरतो, तो आपल्या चित्राचा काळ. एकच साल सांगण्याचा आग्रह धरू नये. पाच-सात वर्षांच्या आत चित्र बसले तरी काम चांगले झाले असे समजावे.

या नियमाचे उत्तम उदाहरण म्हणजे शिपायाच्या हातातील बंदूक. १८९० नंतरच्या काही वर्षांत हिंदी पलटणींकडे मार्टिनी-हेन्री बंदूक होती. तिला बाजूचा खटका नाही. घोड्याच्या मागे खाली ओढावयाची एक दांडी असते, आणि एका वेळी एकच गोळी भरता येते. पुढे बाजूला बोल्ट आणि पोटाखाली गोळ्यांची पेटी असलेली ली-एन्फील्ड आली. तिचा आखूड नमुना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील. त्याचे तोंड बोथट, लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत गेलेले. असे बोथट तोंड दिसले की चित्र १९०३ पूर्वीचे नव्हे, हे ठरले. परंतु हीच बंदूक दोन्ही महायुद्धांत होती आणि १९६२ च्या चीनच्या लढाईतही आपल्या जवानांच्या हाती होती. म्हणजे पहिली मर्यादा पक्की आणि दुसरी साठ वर्षे लांब! एकट्या बंदुकीवर निकाल देणाऱ्याची फसगत होते ती अशी.

म्हणून बंदूक बाजूला ठेवून माणसाकडे पाहावे. मी पायांपासून आरंभ करतो; कारण चेहऱ्याकडे आधी पाहिले की मन गुंतते आणि डोळा आळसावतो. पहिल्या महायुद्धातील शिपायाच्या पोटरीवर गुडघ्याखालपर्यंत गुंडाळलेली लांब पट्टी दिसते. आपलाच पट्टी हा शब्द इंग्रजांनी उचलून आपल्या भाषेत घेतला. दुसऱ्या महायुद्धात ही पट्टी आखूड होऊन घोट्यापुरती उरली, किंवा तिच्या जागी जाड कापडाचे ॲंकलेट आले. वर लोकरी मोजा आणि अर्धी विजार. अर्धी विजार मेसोपोटेमियाच्या उन्हाळ्यातही वापरीत, हे मात्र ध्यानात ठेविले पाहिजे.

पायांवरून कमरेकडे यावे. येथे सर्वांत बोलकी खूण सापडते. पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायाच्या कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर काडतुसांच्या लहान लहान पिशव्या, आणि पुष्कळदा खांद्यावरून आडवा गेलेला काडतुसांचा पट्टा असतो. दुसऱ्या महायुद्धातील शिपायाच्या छातीच्या खालच्या बाजूस दोन्हीकडे एकेक अशा दोनच, पण मोठ्या चौकोनी कापडी पिशव्या असतात. हा नमुना १९३७ चा. ब्रेन या हलक्या मशीनगनची भरलेली पेटी प्रत्येक शिपायाला बाळगता यावी म्हणून त्या पिशव्या मोठ्या केल्या. बंदूक तीच राहिली, पण तिच्या शेजारी नवे हत्यार आले आणि त्याच्या सोयीसाठी सगळ्यांचे कपडे बदलले. लहान पिशव्यांची रांग की दोन मोठ्या पिशव्या, एवढे पाहिले तरी कोणते महायुद्ध, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मिळते.

अंगातील कपडा आघाडीही सांगतो. पहिल्या युद्धात हिंदी शिपायाचा अंगरखा सदऱ्यासारखा लांब, छातीपर्यंतच उघडणारा असा पुष्कळ ठिकाणी दिसतो. दुसऱ्या युद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात सुती खाकी सदरा आणि अर्धी विजार. इटलीच्या थंडीत जाड लोकरीचा आखूड कोट. आणि १९४३ नंतर ब्रह्मदेशाच्या जंगलात हिरवा कपडा व रुंद काठाची टोपी. आपल्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या पलटणीबरोबर इटलीत गेलेल्या माणसाचे तेथले चित्र जंगली टोपीत असणार नाही, हे उघडच आहे.

खांद्यावरील पितळी आकडा वाचता आला तर भाग्यच समजावे. त्यासाठी साधे भिंग पुरते. मराठा पलटणींच्या आकड्यांची कथा मोठी सोयीची आहे. १९०३ साली लष्कराने आकडे नव्याने दिले, तेव्हा मुंबईच्या या पलटणींच्या जुन्या आकड्यात सरळ शंभर मिळविले. तिसरी होती ती एकशे तिसरी झाली, पाचवी होती ती एकशे पाचवी, दहावी होती ती एकशे दहावी, सतरावी होती ती एकशे सतरावी. पुढे १९२२ साली या सर्व पलटणी एका रेजिमेंटमध्ये गोवल्या गेल्या आणि ती पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. एकशे तिसरी तिची पहिली बटालियन झाली, एकशे पाचवी दुसरी, एकशे दहावी तिसरी. १९४५ साली पाच हा आकडाही गळाला. म्हणजे खांद्यावर ११० दिसले तर चित्र १९०३ ते १९२२ यांमधले. आणि ते जर १९१५-१६ चे असेल तर माणूस कदाचित कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेला. कारण १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज तुर्कांच्या हाती गेली. तीन आकडी संख्येतून एवढा इतिहास निघतो!

मुकुटाचेही तसेच. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट आणि १९०१ नंतरच्या राजांचा मुकुट यांचा आकार वेगळा आहे. आणि २६ जानेवारी १९५० पासून मुकुट जाऊन त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बाहीवरच्या फितींनी मात्र हुद्दा कळतो, काळ कळत नाही. एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या, ही रीत कायम राहिली. पाठीमागे 'जमादार' असे लिहिलेले असेल तर मजकूर बहुधा १९६५ पूर्वीचा. त्या साली या हुद्द्यास नायब सुभेदार हे नाव मिळाले. छातीवर तारा असेल तर त्याची टोके मोजावीत. पहिल्या महायुद्धाचा तारा चार टोकांचा, आणि त्यावर तलवारींची फुली. वरच्या टोकाच्या जागी मुकुट. दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे. शिवाय पदक लढाईच्या नंतर मिळते. ते छातीवर आहे म्हणजे चित्र परत आलेल्या माणसाचे, जाणाऱ्याचे नव्हे.

एवढे सांगितल्यावर कॅमेऱ्याच्या खोड्याही सांगितल्या पाहिजेत. जुन्या काळच्या काचेला आणि फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल ते जवळजवळ काळे उमटे आणि निळे ते फिकट पडे. पदकाच्या फितीचा किंवा फेट्याचा रंग काळ्या-पांढऱ्या छटेवरून ठरवावयाचा मोह यासाठीच आवरावा. दुसरी खोडी उलट्या छापाची. निगेटिव्ह पालथी घालून छापली म्हणजे उजव्याचे डावे होते. त्याची परीक्षा बंदुकीवर करावी. बोल्टचा दांडा उजव्या बाजूस असतो. तो डावीकडे दिसला तर चित्र उलटे आहे, शिपाई डावरा नव्हे! तिसरी खोडी नकलेची. कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत असेल तर तो छाप १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा. मूळ चित्र कितीही जुने असले तरी हातातली वस्तू नक्कल आहे. आणि चौथी गोष्ट, प्रसंगाची तारीख आणि चित्राची तारीख एक नसते. लखनौच्या सिकंदरबागेतील हाडांच्या सड्याचे बेआतो यांचे प्रसिद्ध चित्र सत्तावनच्या लढाईचे म्हणून दाखवितात. लढाई नोव्हेंबर १८५७ मधली आणि चित्र १८५८ मधले.

आता शिपायाला सोडून त्याच्या पाठीमागे पाहू. पुष्कळदा तेथे स्टुडिओतला रंगविलेला पडदा असतो. त्यावर खांब, जिने, एखादे विलायती तळे. हा पडदाही निरुपयोगी नाही. दोन घरांतील दोन चित्रांत पडद्याची एकच घडी, एकच डाग दिसला तर दोघे एका स्टुडिओत उभे राहिले होते. मग एकाचा काळ आणि ठिकाण कळले की दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. पण चित्र उघड्यावर काढलेले असेल तर आपल्या मुलखात साक्षीदारांची वाण नाही.

पहिला साक्षीदार म्हणजे खोपोलीच्या डोंगरावरून खाली उतरणारे पाण्याचे अजस्र नळ. टाटांच्या जलविद्युत कामाची कोनशिला १९११ साली लोणावळ्यास बसली आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. डोंगरावर नळ पुरे दिसत असतील तर चित्र त्या सुमाराच्या आधीचे नाही. भिवपुरीचे वीजघर १९२२ चे. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ ची. दुसरा साक्षीदार म्हणजे कर्जत स्टेशनवरच्या विजेच्या तारा. कल्याणपासून घाटावर पुण्यापर्यंत विजेची गाडी १९२९-३० च्या सुमारास सुरू झाली. फलाटावर डोक्यावरच्या तारा आणि त्यांचे लोखंडी खांब दिसले की पहिले महायुद्ध निकालात निघाले. डब्यावर जी.आय.पी. ही अक्षरे असतील तर चित्र बहुधा १९५१ च्या आसपासचे किंवा आधीचे; कारण त्या साली ती कंपनी मध्य रेल्वेत विलीन झाली. लांबचलांब बराकींच्या रांगा दिसल्या तर कल्याणची युद्धकालीन छावणी आठवावी. तीच जागा पुढे सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर झाली. कोपऱ्यात जीपचे नुसते अर्धे चाक आणि नाकाची जाळी दिसली तरी चित्र १९४१ च्या आधीचे नाही. इर्शाळगड किंवा राजमाची मागे दिसेल तर काळ कळणार नाही, कारण डोंगर गणवेश बदलत नाही. पण कॅमेरा कोठे उभा होता ते कळेल, आणि तेथे जाऊन आज उभे राहता येईल.

पाठीमागच्या मजकुराविषयीही सावध असावे. आपला जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा होता. तेव्हा 'रायगड जिल्हा' असे लिहिले असेल तर तो मजकूर नंतर कोणी तरी लिहिलेला. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात आहे, म्हणून फार जुन्या कागदांत आपली माणसे ठाण्याच्या खात्यावर सापडतील. आणि घाटावर अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, दुसरे एक कर्जत आहेच. नुसते 'कर्जत' एवढेच वाचून माणूस आपलासा करू नये. तो त्या कर्जतकरांचा असू शकेल.

आणखी एक सावधगिरी फार मोलाची आहे. खाकी घातलेला प्रत्येक मनुष्य फौजेतला नसतो. पोलिस, रेल्वेचा नोकर, गिरणीचा पहारेकरी, जंगलखात्याचा रखवालदार, १९४६ साली मुंबई प्रांतात उभे राहिलेले होमगार्ड, असे सगळे खाकीच घालीत. आपल्या भागात हा फरक नुसत्या हौसेचा नाही. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या वेळचे खाकी माणसांचे एखादे चित्र घरात असेल आणि घरचे त्यास 'लढाईतले आजोबा' म्हणत असतील, तर तो माणूस कोणत्या बाजूच्या कोणत्या खात्यात होता, हे आधी पाहिले पाहिजे. बिल्ला, पट्टा आणि टोपी नीट वाचल्याशिवाय कोणास वीर ठरवू नये, आणि कोणास वैरीही ठरवू नये.

या सर्व खुणा प्रत्यक्षात कशा चालतात, हे एका घरच्या चित्रावरून सांगतो. खालापूर तालुक्यातील डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. आमच्या संघटनेतील एका भट्टीकामगाराच्या घरी ओटीवर शिपायाचे चित्र होते. घरचा समज असा, की हे पणजोबा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले ते परत आले नाहीत, आणि निघताना कर्जत स्टेशनवर हे चित्र काढले. सर्वपित्रीला त्यापुढे पान वाढीत. कामगाराच्या वृद्ध आत्याबाई रोज संध्याकाळी तेथे दिवा लावीत.

चित्र काचेतून काढून भिंगाखाली धरले. पायात आखूड पट्ट्या आणि मोजे. छातीखाली दोन मोठ्या चौकोनी पिशव्या. डोक्यावर रुंद काठाची टोपी. मागे फलाटाचा खांब, आणि त्याच्या वर चिनी मातीच्या वाट्या बसविलेला लोखंडी मनोरा व तार. स्टेशन कर्जतचे हे घरच्यांचे म्हणणे खरे असणे शक्य होते. पण ती तार १९२९ च्या आधीची असू शकत नव्हती, आणि त्या पिशव्या १९३७ च्या आधीच्या असू शकत नव्हत्या. एक साक्ष रेल्वेची, दुसरी लष्कराची. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि दोघी एकच गोष्ट सांगतात. अशा दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या म्हणजे निकाल पक्का समजावा. चित्र दुसऱ्या महायुद्धातले, बहुधा १९४२ ते १९४६ मधले होते. घरातल्या कोणाचे, हेही थोड्या वेळाने उलगडले. आजोबांचे थोरले बंधू फौजेत जाऊन आले होते, पुढे मुंबईस गिरणीत लागले आणि अविवाहित वारले. त्यांचे नाव घरात कोणी घेत नव्हते, कारण त्यांच्यामागे नाव घेणारे कोणी राहिले नव्हते.

मग पणजोबांचे काय? आत्याबाईंनी ट्रंकेतून एक गाठोडे काढले. त्यात एक काळपट वाटोळे पदक होते, राजाचा मुखवटा असलेले. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर माणसाचा आकडा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे पुष्कळांना माहीत नसते. चिंचेने घासून कड वाचली. नाव पणजोबांचेच निघाले. पण पलटणीच्या जागी लेबर कोअर, म्हणजे मजुरांची तुकडी, असे होते. आणि पदक चांदीचे नव्हते. त्या युद्धाचे हे पदक शिपायास चांदीचे मिळे. मजूर तुकड्यांतील माणसांस तेच पदक काशाचे दिले जाई. एकच युद्ध, एकच राजा, एकच मुखवटा, आणि धातू मात्र दोन!

आत्याबाईंनी विचारले, "मंग आमच्या आज्याचा फोटू न्हाईच म्हना." नाही, असे सांगणे मला जड गेले, पण सांगितले. ओझी वाहावयास नेलेल्या माणसाचे चित्र कोण काढणार? त्याला बंदूक नव्हती, छातीवर पिशव्या नव्हत्या, आणि स्टुडिओत जाऊन उभे राहावे एवढा पगारही नव्हता. त्यांनी चित्र पुन्हा भिंतीवर लावावयास सांगितले, कारण थोरला चुलताही घरचाच होता. आणि त्या चौकटीच्या खिळ्यालाच दुसऱ्या बाजूने पदक अडकविले. आता त्या ओटीवर दोन माणसे आहेत.

या एका घराची गोष्ट एका घरापुरती नाही. सरकारी हिशेबाप्रमाणे पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ आणि ५ लाख ६३ हजार बिगरलढाऊ माणसे भरती झाली. म्हणजे पाचांतील दोघे मजूर, हमाल, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी असे होते. छायाचित्रांच्या ढिगात मात्र त्यांचे प्रमाण पाचांत दोन नाही. जे चित्रात नाहीत त्यांचाही हिशेब चित्र वाचणाऱ्याने ठेवावयाचा असतो.

महार समाजाच्या बाबतीत तर ही पोकळी तारखांनीच दाखविता येते. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांची भरती बंद झाली; त्याविरुद्ध महाडजवळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज केला, पण दाद लागली नाही. १९१७ साली युद्धाची निकड आली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडलीही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेटाने प्रयत्न केल्यावर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. एखाद्या महार कुटुंबाकडे खांद्यावर १११ असलेले चित्र निघाले तर ते चार वर्षांच्या त्या चिंचोळ्या फटीतले आहे, आणि त्याचे मोल त्या घरापुरतेच राहत नाही. आणि कोणाकडे १९०५ चे चित्र नसेल तर त्याचे कारण शौर्याचा अभाव नव्हे. दार बंद होते, हे आहे.

महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून इतकी माणसे गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. आकडा आहे, नाव नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण तेथे भिंतीवर नावे कोरली ती हिंदी अधिकाऱ्यांपर्यंतच, खालच्या हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीखाली फक्त आकडा दिला. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात हा भेदभाव कबूल केला. आता आयोगाच्या यादीत पुष्कळांची नावे पाहता येतात आणि तेथे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ताही पुष्कळदा असतो. म्हणजे एका बाजूला चेहरा नसलेली नावे पडून आहेत, आणि दुसऱ्या बाजूला आपल्या ओट्यांवर नाव नसलेले चेहरे. या दोन्हींची गाठ घालून देणे हे काम सरकार करणार नाही आणि विद्यापीठालाही ते गावोगाव जाऊन जमणार नाही. ते घरच्यांनीच करावयाचे आहे.

त्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, चित्र भिंतीवरून काढून उजेडात धरावे, दोन्ही बाजूंची नक्कल करून ठेवावी, आणि ओलीच्या भिंतीपासून ते दूर लावावे. दुसरी, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला आधी बोलू द्यावे आणि मग भिंग हाती घ्यावे; आपण आधी साल सांगितले तर त्याची आठवण आपल्या सालाकडे झुकते. तिसरी, चित्राच्या नकलेमागे मऊ पेन्सिलीने तीन ओळी वेगवेगळ्या लिहाव्यात : डोळ्यांना काय दिसते, त्यावरून काय ठरते, आणि कोणी, केव्हा, काय सांगितले. या तिन्ही ओळी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. आज आपण ठरविलेली गोष्ट उद्या दुसऱ्या पुराव्याने फिरू शकेल. पण काय दिसत होते आणि कोणी काय सांगितले, हे स्वच्छ लिहून ठेविले असेल तर पुढच्या शोधकाला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.

आमच्या धंद्यात हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याला पगार मिळत नाही, मग त्याने कितीही घाम गाळलेला असो. म्हणून आम्ही नावासाठी भांडतो. इतिहासाच्या हजेरीपटावरही आपल्या डोंगरखोऱ्यातील पुष्कळ नावे लागावयाची राहिली आहेत. ती लावण्याचा पुरावा कोठे दूर दप्तरखान्यात दडलेला नाही. त्यातला मोठा भाग आपल्याच ओटीवर, काचेआड, वाळवीच्या तोंडाशी आहे. यंदाच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येण्यापूर्वी तो आपण उतरवून पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.